मूल्यांच्या याद्या आणि शाळेचा दिवस

विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली १८८२ साली नेमलेल्या शिक्षण आयोगाने कॉलेजांसाठी एक शिफारस केली होती. सर्वांना मान्य होईल अशा ‘नैसर्गिक धर्मा’च्या मूलतत्त्वांवर आधारलेले नीतीचे एक पाठ्यपुस्तक तयार करावे, आणि माणसाची व नागरिकाची कर्तव्ये या विषयावर प्राचार्यांनी किंवा एखाद्या प्राध्यापकाने व्याख्याने द्यावीत. आयोगाचे सभासद काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांना हे पटले नाही. त्यांनी आपले मतभेद स्वतंत्र टिपणात नोंदवले. त्याच आयोगापुढे पुण्याहून जोतीराव फुल्यांचे निवेदन गेले. प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब, शेतीचे ज्ञान यांच्याबरोबर नीतीचे आणि आरोग्याचे थोडके धडे त्यांनीही मागितले. मात्र त्यांचा खरा भर शिक्षकावर होता. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, नांगराला हात लावायची लाज न वाटणारे असावेत, असे त्यांचे म्हणणे होते.

पुस्तक काढा म्हणणारा आयोग, पुस्तकावर विसंबायला तयार नसलेले तेलंग आणि शिकवणारा माणूस कोण हे आधी विचारणारे फुले. शाळेतल्या मूल्यशिक्षणाविषयी आज जे वाद होतात, त्यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा या तिघांत येऊन गेला आहे. त्यानंतरच्या एकशेचाळीस वर्षांत आयोग आले, समित्या आल्या, तीन राष्ट्रीय धोरणे आली. प्रत्येकाने आपापली यादी दिली. या काळात ‘कोणती मूल्ये’ यावर आपण जितके भांडलो, त्याच्या दशांशानेही ‘कशी’ याचा विचार केला नाही. आणि यादीतली दोन मूल्ये एकमेकांविरुद्ध उभी राहिली तर मुलाने काय करायचे, या प्रश्नाला तर धोरणांनी जवळजवळ हातच लावलेला नाही. या लेखात आढावा घेताना माझे लक्ष मुख्यतः तिथे आहे.

स्वतंत्र भारताला या विषयात पहिली चौकट संविधानाने घालून दिली. अनुच्छेद २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत ते दिले जात असेल तर कुणावरही सक्ती करता येत नाही. फाळणीच्या जखमा ओल्या असताना हे ठरले. मग धर्माशिवाय नीती कशी शिकवायची? १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगाने विद्यापीठांसाठी काही मिनिटांचे मौन, धर्मसंस्थापकांची चरित्रे आणि सर्वधर्मीय वेचे सुचवले. १९५९ साली नेमलेल्या श्रीप्रकाश समितीनेही साधारण तोच रस्ता धरला. श्रीप्रकाश त्या वेळी मुंबई राज्याचे राज्यपाल होते. थोरांची चरित्रे, सर्व धर्मांतले चांगले विचार, प्रार्थना, समाजसेवा हा साचा तेव्हा पक्का झाला आणि फारसा न बदलता आजवर चालत आला.

कोठारी आयोगाचे (१९६४-६६) काम मला या सगळ्यात अधिक नेमके वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. आयोगाने आठवड्याला एक-दोन तासिका सामाजिक, नैतिक आणि आध्यात्मिक मूल्यांसाठी ठेवायला सांगितल्या. त्यासाठी वेगळा नीतिशिक्षक नको, नेहमीच्याच शिक्षकांनी हे करावे, असेही सांगितले. शाळेचे सगळे वातावरण हाच मूल्यशिक्षणाचा मुख्य मार्ग आहे, ही जाण त्या अहवालात आहे. पण अहवालातून शासन निर्णयात उतरते ते मोजता येणारे. तासिका मोजता येते, वातावरण मोजता येत नाही. त्यामुळे पुढे वेळापत्रकात तासिका तेवढी राहिली. मूल्यशिक्षणाचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग पुरा करायचा तास, हे कुठल्याही शाळेतल्या शिक्षकांना सांगावे लागत नाही.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजात मूल्यांचा ऱ्हास होतो आहे अशी चिंता व्यक्त केली आणि सर्व अभ्यासक्रमांना समान असे दहा गाभाघटक दिले. महाराष्ट्रात डी.एड. केलेल्या कुणालाही ते पाठ असतात: स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास, संवैधानिक जबाबदाऱ्या, राष्ट्रीय अस्मिता, समान सांस्कृतिक वारसा, समता-लोकशाही-धर्मनिरपेक्षता, स्त्री-पुरुष समानता, पर्यावरण संरक्षण, सामाजिक अडसरांचे निर्मूलन, छोट्या कुटुंबाचे तत्त्व, वैज्ञानिक दृष्टिकोन. ही यादी बहुतांशी संविधानातून आली आहे, तिला धर्माचा आधार घ्यावा लागत नाही. स्वातंत्र्योत्तर याद्यांत मी हिला सर्वांत वर ठेवतो.

दुसरा प्रवाह १९९९ मध्ये वर आला. आपल्या मराठवाड्याचे शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने मूल्याधिष्ठित शिक्षणावर अहवाल दिला. सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच वैश्विक मूल्ये त्यात आहेत आणि विद्यार्थ्यांना सर्व धर्मांची मूलतत्त्वे सांगावीत असेही म्हटले आहे. न्या. जे. एस. वर्मा समितीने मूलभूत कर्तव्ये कशी शिकवावीत याचा अहवाल दिला तोही त्याच वर्षी. २००० सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चव्हाण समितीचा हवाला घेतला, आणि अरुणा रॉय व इतरांनी त्या आराखड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. सप्टेंबर २००२ च्या निकालात न्यायालयाने आराखडा कायम ठेवला. धर्माचे शिक्षण देणे वेगळे आणि धर्मांविषयी शिक्षण देणे वेगळे. अनुच्छेद २८ पहिल्याला मनाई करतो, दुसऱ्याला नाही, असा फरक न्यायालयाने केला.

तत्त्व म्हणून हा फरक मला मान्य आहे. शेजारच्या मुलाच्या घरी रोजे का धरतात, बौद्ध वस्तीत वैशाख पौर्णिमेला काय असते, वारीला जाणारी आजी काय मागायला जाते, हे ठाऊक नसलेले मूल समाजाविषयी अडाणीच राहते. पण हा फरक वर्गात पाळायचा तर शिक्षकाला चार धर्मांची नीट माहिती हवी आणि आपली श्रद्धा बाजूला ठेवून ती सांगायची सवय हवी. ही तयारी कुठल्या प्रशिक्षणात करून घेतली जाते? ती होत नाही म्हणून ‘धर्मांविषयी’ म्हणून सुरू झालेली गोष्ट पाहता पाहता एका धर्माचे पाठांतर होऊन बसते. गुजरात सरकारने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या अभ्यासक्रमात भगवद्गीता आणायचे जाहीर केले. महाराष्ट्रात मे २०२४ मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा आला. गीता आणि मनाच्या श्लोकांच्या पाठांतराची सूचना त्यात होती, आणि मूल्यांविषयीच्या प्रकरणात मनुस्मृतीतला एक श्लोक घेतला होता. त्या श्लोकाचा अर्थ वडीलधाऱ्यांना वंदन करण्यापुरता असेलही. पण २५ डिसेंबर १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांनी ज्या ग्रंथाचे दहन केले, त्यातले वचन मूल्यांच्या धड्याच्या तोंडाशी ठेवणे म्हणजे राज्यातल्या लाखो मुलांना पहिल्याच ओळीत वगळणे होते. त्यावर उसळलेला संताप अगदी रास्त होता. गीता, धम्मपद, कुराण, बायबल, तुकोबांचा गाथा, सगळे वाचून दाखवावे, त्यावर मुलांना बोलू द्यावे. पाठ करून घेतले की बोलणे थांबते, म्हणून सक्तीच्या पाठांतराला माझा विरोध आहे. ग्रंथ कोणता, हा त्यानंतरचा प्रश्न.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मूल्यांचा विचार ‘शांततेसाठी शिक्षण’ या अंगाने केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात तर फार मोलाची दोन कलमे आली. कलम २९ सांगते की अभ्यासक्रम संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत हवा आणि मूल भय, आघात व चिंता यांपासून मुक्त राहायला हवे. कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला बंदी करते. मूल्यशिक्षणावरच्या चर्चेत या कलमांचा उल्लेख क्वचित होतो, याचे मला फार वाईट वाटते. अहिंसा हे मूल्य शिकवायचे आणि छडी उगारायची, ही गोष्ट या कायद्याने देशपातळीवर थेट बेकायदा ठरवली. कुठल्याही बोधकथेपेक्षा या एका कलमाची अंमलबजावणी मुलांना अहिंसा अधिक शिकवील.

२०२० च्या धोरणाकडे वळतो. त्याच्या मूल्यांच्या परिच्छेदात सेवा, अहिंसा, स्वच्छता, सत्य, निष्काम कर्म, शांती, त्याग, सहिष्णुता, विविधता, वडीलधाऱ्यांचा आदर, लिंगभाव संवेदनशीलता, क्षमा, करुणा, देशभक्ती, न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता अशी वीसहून अधिक नावे एका दमात येतात. पंचतंत्र, जातककथा, हितोपदेश मुलांनी वाचावेत आणि संविधानातले वेचेही वाचावेत, असे म्हटले आहे. नैतिक विचार करण्याची क्षमता वाढवावी असेही एक वाक्य आहे आणि ते महत्त्वाचे आहे, कारण आधीच्या धोरणांत ते इतके स्पष्ट नव्हते. पण ही लांबलचक यादी पुन्हा नीट वाचा. वडीलधाऱ्यांचा आदर आणि स्त्री-पुरुष समता एकाच ओळीत शेजारी बसल्या आहेत. कागदावर त्यांचे भांडण होत नाही. घरात मात्र होते.

आठवीतली एक मुलगी डोळ्यांपुढे आणू. आईवडील ऊसतोडीला जाणार, मुलीला मागे एकटी कुठे ठेवायची या काळजीने ते तिचे लग्न जुळवत आहेत. ते दुष्ट नाहीत, घाबरलेले आहेत. परिपाठात ही मुलगी रोज वडीलधाऱ्यांच्या आदराचा सुविचार वाचते, आणि नागरिकशास्त्रात तिने लग्नाचे किमान वय अठरा असे लिहिले आहे. आता ती कुणाचे ऐकणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. म्हणजे असा पेच पडलेल्या मुली जवळजवळ प्रत्येक ग्रामीण हायस्कुलात असतात. आपल्या मूल्यशिक्षणाने त्यांना आदर दिला, समता दिली, पण या दोन्हींत निवड करायची वेळ आली तर कसा विचार करायचा, कुणाशी बोलायचे, आईवडिलांचा मान राखूनही नाही कसे म्हणायचे, हे दिले नाही. सत्य बोलावे आणि मित्राला सांभाळावे, शिस्त पाळावी आणि अन्याय दिसला तर विचारावे, देशावर प्रेम करावे आणि देशाची चूक दाखवावी. मूल्यांची खरी परीक्षा या सांध्यांवर होते आणि धोरणांच्या याद्या नेमक्या तिथे गप्प आहेत.

महाराष्ट्राने नव्वदच्या दशकात मूल्यशिक्षणाचा आपला कार्यक्रम आखला. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता ही दहा मूल्ये आजही कितीतरी शाळांच्या भिंतींवर रंगवलेली दिसतात. ती रुजवायचे मुख्य साधन म्हणजे परिपाठ: राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष, बोधकथा, बातम्या, मौन. प्रतिज्ञा १९६२ मध्ये पायडीमर्री वेंकट सुब्बाराव या तेलुगू अधिकाऱ्याने लिहिली. ती आज देशभरच्या शाळांत म्हटली जाते. २६ जानेवारी २०२० पासून संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचनही राज्यातल्या शाळांत सुरू करण्यात आले. परिपाठाला नावे ठेवायची फॅशन आहे, ती मला मान्य नाही. बुजरे मूल हातात कागद धरून दोनशे जणांपुढे पहिल्यांदा बोलते ते परिपाठात, आणि ते धैर्य त्याला आयुष्यभर पुरते. पण बोधकथेनंतर ‘यातून काय बोध घेतला?’ या प्रश्नाला एकच उत्तर ठरलेले असते. दुसरे उत्तर देणाऱ्या मुलाचे काय होते, यावर परिपाठाची किंमत ठरते.

मूल्ये मोजायला निघालो तिथे मात्र आपण फार मोठी गल्लत केली. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१३ च्या सुमारास प्रश्नपत्रिकांत मूल्याधारित प्रश्न आणले. भौतिकशास्त्राच्या पेपरात अमुक मुलाने शेजारच्या आजोबांना दवाखान्यात नेले, तिथे तपासणीचे यंत्र दिसले, त्या मुलाच्या वागण्यातून कोणती मूल्ये दिसतात, या धाटणीचे प्रश्न येऊ लागले. काळजी, मदतीची वृत्ती, जागरूकता हे तीन शब्द लिहिले की गुण पदरात. काही वर्षांत हे प्रश्न गेले. आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात प्रत्येक मुलाच्या वर्तनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या असतात. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, जनगणना, निवडणूक, पोषण आहाराची माहिती भरणे हे सगळे सांभाळणाऱ्या शिक्षकासाठी मग तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. ‘इतरांना मदत करतो’, ‘वर्गात नम्रतेने वागतो’. प्रगतीपुस्तकातले हे वाक्य आपल्या लेकराकडे पाहून लिहिलेले नाही, हे पालकांना कळते आणि मुलालाही कळते. शिक्षकाला दोष द्यायचा नाही मला. सचोटीची नोंदच घाईने कॉपी करावी लागेल असे काम ज्यांनी त्याच्यावर लादले, त्यांनी उत्तर द्यायला हवे.

जपाननेही २०१८ पासून प्राथमिक शाळेत नीतिशिक्षण हा रीतसर विषय केला. पण त्यात आकड्यांत गुण द्यायचे नाहीत, शब्दांत नोंद करायची, असे ठरवले. शिवाय नीती तिथे तासापुरती नाही: मुले वर्ग आणि व्हरांडे स्वतः झाडतात-पुसतात, ती जुनी रीत आहे.

पाठ सांगून चारित्र्य घडते का, याचा शोध अमेरिकेत ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांनी १९२० च्या दशकात हजारो मुलांवर घेतला. मुलांचे प्रामाणिक आणि लबाड असे दोन गट पडत नाहीत असे त्यांना दिसले. एके ठिकाणी खरे वागणारे मूल दुसऱ्या ठिकाणी फसवते; प्रसंग, सोबत आणि वर्गाची रीत यांवर बरेच अवलंबून असते. चांगले काय हे माहीत असण्याचा आणि तसे वागण्याचा संबंध कच्चा निघाला. याला आता शंभर वर्षे होत आली.

मग उपयोग कशाचा होतो? आपल्याच देशातले एक उत्तर हरियाणातून आले आहे. तिथल्या चार जिल्ह्यांतल्या ३१४ सरकारी शाळांपैकी चिठ्ठी पद्धतीने निवडलेल्या जवळपास निम्म्या शाळांत ‘ब्रेकथ्रू’ या संस्थेने सातवी-आठवीपासूनच्या मुलामुलींशी अडीच वर्षे, दर तीन आठवड्यांनी पाऊण तास, स्त्री-पुरुष समतेवर चर्चा घेतल्या. व्याख्यान नाही, चर्चा. घरी भांडी कोण घासते, बहिणीला कॉलेजला का पाठवत नाहीत, असल्या गोष्टींवर. दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन या अर्थशास्त्रज्ञांनी बाकीच्या शाळांशी तुलना करून पाहिले. मते समतेकडे सरकली होती आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो बदल टिकून होता. वागण्यातला बदल मुलग्यांत जास्त दिसला. मुलींच्या हातात तेवढे नव्हते. मघाची आठवीतली मुलगी इथे पुन्हा समोर येते: तिचे मत बदलले तरी निर्णय तिचा नसतो, म्हणून तिच्या शेजारच्या बाकावरच्या मुलाचे, कुणाच्या तरी भावाचे, उद्याच्या नवऱ्याचे मत बदलणे तिच्याइतकेच गरजेचे आहे. मुंबईतही २००८ पासून महापालिकेच्या शाळांत ‘कोरो’ ही संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि स्त्रियांवरील संशोधनाचे आंतरराष्ट्रीय केंद्र यांनी मिळून अशाच चर्चांचा कार्यक्रम चालवला होता.

बीड जिल्ह्यात २००९ मध्ये सुमारे ५०० जिल्हा परिषद शाळांत सुरू झालेला शांतिलाल मुथ्था फाउंडेशनचा ‘मूल्यवर्धन’ कार्यक्रम संविधानातली मूल्ये जोडीत आणि छोट्या गटांत बोलून, खेळून, नियम एकत्र ठरवून शिकवतो. पुढे राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने तो अंगीकारला. त्याच्या पहिल्यावहिल्या गोष्टी अगदी साध्या आहेत: मुलांनी आळीपाळीने बोलायचे, दुसऱ्याचे संपेपर्यंत ऐकायचे, वर्गाचे नियम स्वतः लिहायचे. दिल्लीने २०१८ मध्ये ‘आनंद अभ्यासक्रम’ आणला तो आठवीपर्यंत, रोज एक तासिका होती, परीक्षा नव्हती. या प्रयोगांची फळे अजून पुरती तपासून झालेली नाहीत. पण सगळ्यांत एक समान आहे: मुले बोलतात आणि मोठी माणसे ऐकतात.

आणि बोलण्याच्याही आधी शाळेचा दिवस असतो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्याला वसतिगृह उभे केले तेव्हा मूल्यांची यादी भिंतीवर लावली नाही. सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत, झाडू आणि खोरे सगळ्यांच्याच वाट्याला येत. श्रमप्रतिष्ठा आणि जातिनिर्मूलन यांचा त्याहून मोठा पाठ मराठी मुलखाला क्वचित मिळाला असेल. आज ती संधी प्रत्येक सरकारी शाळेत रोज दुपारी येते. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले जेवण शाळेत आले. खिचडी शिजवणारी बाई कुठल्या वस्तीतली आहे, तिच्या हातचे सगळे खातात का, ताटे कोण धुते, शिक्षक मुलांबरोबर बसतात की वेगळ्या डब्यातले खातात, या गोष्टी मुले न चुकता पाहतात. शौचालय साफ करायचे काम दरवेळी ठरावीक मुलांवर येते का, मैदान मुलग्यांनी अडवले तर मुली कुठे खेळतात, उशिरा आलेल्या शिक्षकांना कुणी काही म्हणते का, हेही पाहतात. राष्ट्रीय धोरणाच्या अंमलबजावणीचा अहवाल मागवताना यातले काहीच विचारले जात नाही. विचारले जाते ते परिपाठ होतो का आणि तासिका झाल्या का.

महाराष्ट्राचा नवा अभ्यासक्रम शाळांत टप्प्याटप्प्याने येतो आहे. राष्ट्रीय पातळीवर समग्र प्रगतीपत्रक आणले जात आहे आणि त्यात मुलाने स्वतःचे आणि सोबत्यांनी त्याचे मूल्यमापन करायचे आहे. कल्पना चांगली आहे, पण तयार नोंदींच्या याद्यांची वाट तिलाही मोकळी आहे. म्हणून माझ्या मागण्या अगदी व्यवहारातल्या आहेत. मूल्यांच्या पुस्तकाला जो खर्च होईल तो शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे वळवावा, आणि ते प्रशिक्षण व्याख्यानांचे नसावे. वादाचा विषय निघाला तर आपले मत न लादता वर्ग कसा चालवायचा याचा सराव शिक्षकांना द्यावा. पन्नास-साठचा वर्ग असेल तर चर्चा होत नाही, म्हणून शिक्षकांच्या रिकाम्या जागा भरणे हा मूल्यशिक्षणाचाही प्रश्न मानावा. मूल्यांना गुण देणे पूर्ण बंद करावे. तपासणीला येणाऱ्या केंद्रप्रमुखांनी परिपाठाची वही पाहण्याआधी पंगतीत बसावे, आणि कलम १७ चे उल्लंघन झाले तर शाळा व्यवस्थापन समितीने ते लिहून घ्यावे. आणि आठवी-नववीच्या वर्गात महिन्यातून निदान एकदा, ज्याचे ठरलेले उत्तर शिक्षकाकडेही नाही, असा एक खरा पेच मुलांपुढे ठेवावा.